धुराड्याचा माथा

१

सफरचंदांच्या बागांना पाऊस काही नवा नव्हता. जुलैत हिवाळा लागला की ह्यूऑनच्या दरीत आभाळ खाली उतरून बसायचं ते सप्टेंबरपर्यंत हलायचं नाही. ऊना पायबसचं सकाळचं पहिलं काम त्यामुळे ठरलेलं. चुलीवर चहाचं पाणी ठेवायचं, आणि ते उकळेपर्यंत बैठकीच्या खोलीतली बादली ओतून यायची. बादली असायची भिंतीतल्या आगटीत, जिथे खरं तर लाकडं जळायला हवीत. आगटीवर विटांचं धुराडं. त्यातून टिपटिप सारखी चालू, आणि बाजूची भिंत वरपासून खालपर्यंत काळपट ओली.

घर लाकडी फळ्यांचं, नवं. धुराडं तेवढं जुनं. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात, डोंगरावरून आग उतरली, आणि जेवण झाल्यापासून चहाच्या वेळेपर्यंत दरीतली घरंच्या घरं राख झाली. विटांची धुराडी मात्र उभी राहिली, प्रत्येक अंगणात एकेक. लोकांनी मग त्या धुराड्यांना धरूनच नवी घरं उभारली. विटा आयत्या होत्या आणि माणसं थकलेली होती. ऊनाच्या नवऱ्याने, क्लॅरीने, गेज भावंडांची जागा घेतली ती अशीच, धुराड्यासकट. म्हातारा एमॉस गेज आणि त्याची बहीण ट्रिफीना आगीनंतर कुणाला दिसली नव्हती. होडीतून पलीकडे गेली असतील, असं लोक म्हणाले. ज्याला त्याला आपलं निस्तरायचं होतं, तेव्हा कोण शोधत बसणार?

त्या सोमवारी ऊना बादली उचलायला वाकली ती मनात शनिवार घेऊन. तिची सात वर्षांची पोर, नोला, चार महिने शहरातल्या इस्पितळात होती. छाती भरायची तिची. आता बरी होती. पण शनिवारी इस्पितळातल्या सिस्टर कथबर्ट घर बघायला येणार होत्या. घर कोरडं असलं तर पोर घरी. नसलं तर हिवाळाभर उत्तरेकडच्या बालगृहात, आणि तिथून पुढे काय ते त्यांच्या मर्जीवर.

तिने कडी धरली, आणि पाणी हिंदकळून मनगटावर आलं.

ते कोमट होतं.

बाहेर टाकीच्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. आगटीत चार दिवसांत काडी पेटली नव्हती. ऊना तशीच वाकून राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, विटा ऊब धरून ठेवतात, बाई. आणि पाणी मोरीत ओतून आली.

२

मंगळवारी ऑसी टॅप आला. सत्तरीचा गवंडी, दरीतल्या निम्म्या धुराड्यांना त्याचा हात लागलेला. धुराड्याभोवती एक फेरी मारून त्याने नखाने दोन विटांमधली दर्ज खरवडून पाहिली.

“ह्या दर्जा कुणी भरल्या?”

“मी,” क्लॅरी म्हणाला. “सिमेंटने. तीन रविवार लागले.”

“शाबास. आता बायकोच्या नाकातही सिमेंट भर, म्हणजे तिला सर्दी व्हायची नाही.”

“पाणी अडवायला सिमेंट नाही तर काय जॅम लावायचा, म्हाताऱ्या?”

“अरे, ह्या जुन्या मऊ विटा. चुन्यात बसवलेल्या. पावसात पाणी पितात आणि ऊन पडलं की बाहेर टाकतात. तू हिचं बाहेरचं तोंड बुजवलंस. आता ती आत ओकते, तर तिला नावं ठेवतोस.”

ऊनाला हसू आलं. क्लॅरीही हसला, तेव्हा तो हसायचा.

ऑसी गुडघे टेकून आगटीत शिरला. दाढीचा एक गोल आरसा त्याच्याजवळ असायचा, धुराडं खालून बघायला. आरसा धरला की वरचं चौकोनी आभाळ त्यात दिसतं. मध्ये काही अडकलं असेल तर तेही दिसतं. ऑसीने आरसा धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग अलगद जमिनीवर पालथा घातला.

“काय आहे?” क्लॅरीने विचारलं.

“घरटं असेल. बघतो वरून.”

शिडीचा पाय ऊनाने धरला होता. ऑसी पत्र्यावर चढला, माथ्यापाशी वाकला, आणि त्याने हात आत घातला, खांद्यापर्यंत. तो ओरडला नाही. शिडी मात्र थरथरली, कारण त्याचा एक पाय तिच्यावर होता आणि तो पाय नाचल्यासारखा आपटत होता. तीन-चार वेळा. मग त्याने अंग मागे फेकलं आणि पत्र्यावर बसकण मारली.

खाली आला तेव्हा हात काखेत दाबलेला. ऊनाने बळेच तो सोडवला. मधल्या दोन बोटांची कातडी पेरापासून नखापर्यंत मोज्यासारखी उतरली होती. खालचं मांस पांढुरकं, निथळलेलं. रक्त यायला हवं होतं तेवढं येत नव्हतं.

“विटांत सापडली,” ऑसी म्हणाला. त्याच्या तोंडावर रंग नव्हता. “क्लॅरी, ऐक. सिमेंट उकरून काढ, चुना भर. पत्रा आणि विटा जिथे मिळतात तिथली शिशाची पट्टी बदल. भिंत बरीचशी सुकेल. पण माथा झाकू नकोस.”

“म्हणजे वरून पाऊस आत पडतच राहणार?”

“पडू दे. बादली ठेवत जा.”

“शनिवारी सिस्टर येणार आहेत. त्यांना काय बादली दाखवू?”

ऑसीने ऊनाकडे पाहिलं. “पोरी, वरून पडतंय ते पडू दे. त्याची तिथे गरज आहे.”

“कुणाला गरज आहे, ऑसी?”

हाताला फडकं गुंडाळून तो गेला. आरसा न्यायलाही परत आत आला नाही.

३

“म्हातारा झालाय,” क्लॅरी म्हणाला. “बोटं सापडली म्हणून धुराड्यावर रुसलाय.”

बुधवारी त्याने उजाडल्यापासून काम काढलं. छिन्नी-हातोड्याने सगळं सिमेंट उडवलं. असे घाव घालत होता की कपाटातल्या बश्या वाजत होत्या. चुना भरला, शिसं बदललं. मग माथ्याच्या चार कोपऱ्यांवर तीन-तीन विटांचे पाय उभे केले. त्यांवर काँक्रीटची एक फरशी बसायची होती. धूर बाजूंनी जाईल, पाऊस वरच्या वर अडेल. ती ओढून वर नेईपर्यंत त्याचे दोन्ही तळहात फुटले.

तो वर होता, आणि ऊना खाली खोलीत. पालथा आरसा जमिनीवर दिसला तसा तिने उचलला. काही बघायचं असं मनात नव्हतं. आगटीत वाकली आणि आरसा धरला.

वर राखाडी आभाळाचा चौकोन. आणि त्याच्या जरा खाली, विटांना चिकटून, दोन फिकट गोल वस्तू. वाटी खालून बघितल्यावर दिसते तशा. जवळजवळ होत्या, एक मोठी, एक जरा लहान. प्रत्येकीखाली काहीतरी मऊ, आणि ते हलत होतं. वर-खाली. थांबायचं, पुन्हा वर-खाली.

गांधीलमाशांचं पोळं, ऊनाच्या मनाने सांगितलं. नाहीतर चुन्याचे गोळे. हलतंय ते पाणी ओघळतंय म्हणून.

आरशावर एक थेंब पडला. तिच्या अंगठ्यावर उडाला तो कोमट होता.

वरून फरशी घासत आली आणि चौकोन अंधारला. “बसली गं,” क्लॅरी वरून ओरडला. त्याचा आवाज धुराड्यातून आला नाही, बाहेरून आला. धुराड्यातून दुसराच एक आवाज आला, बारीकसा. घसा कोरडा पडला की जीभ टाळूपासून सुटते ना, तसा.

थोड्या वेळाने आणखी एक.

४

गुरुवारी बादलीत थेंब नव्हता. ऊनाने भिंतीला हात लावला. कोरडी. दुपारपर्यंत काळा डाग उतरला आणि मागे पिवळी रेघही राहिली नाही. बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता आणि इथे भिंत अशी, की गाल टेकावा. ऊनाने खरंच टेकला. नोलाची खाट ह्याच भिंतीला लागायची होती. तिने लगेच खाट आणली, चादर घातली, लोकरीचा ससा उशीशी ठेवला.

संध्याकाळच्या चहाला तिने सकाळचा पाव कापायला घेतला तर सुरी आत जाईना. दुधाच्या सुरईत तळाला पिवळी खपली. पाव शिळा होता, ती स्वतःशी म्हणाली. दूध मीच सांडलं असेन. सफरचंदांची टोपली कोपऱ्यात होती. तिच्यातली वरची रांग सुरकुतून मुठीएवढी झाली होती, आणि ही फळं तिने मंगळवारी कोठीतून आणलेली.

क्लॅरी दहा वेळा पाण्याला उठला. ओठ फुटले होते त्याचे.

“हवा कोरडी झालीय,” तो खुशीत म्हणाला. “अशीच पाहिजे पोरीला.”

शुक्रवारी सकाळी त्यांचा कुत्रा उठला नाही. टिंकर आगटीसमोरच झोपायचा. ऊनाने त्याला पायाने हलवलं तर तो सगळाच्या सगळा सरकला, ताठ, हलका, पुठ्ठ्यासारखा. तिने उचलला. बारा किलोंचा कुत्रा तो; एका हातात आला. डोळ्यांच्या जागी दोन वाळलेल्या मनुका. तोंड आगटीकडे, आणि जमिनीवर त्याच्या पुढच्या नखांचे ओरखडे. ते आगटीकडे जायचे नव्हते. मागे सरायचे होते.

“म्हातारा होता,” क्लॅरी म्हणाला.

“पाच वर्षांचा होता, क्लॅरी.”

“कुत्र्यांत ते म्हातारंच.” आणि त्याने टिंकरला मागच्या दाराने बागेत भिरकावलं, पाचोळा फेकावा तसं. हाच क्लॅरी पाच वर्षं त्याला स्वतःच्या ताटातलं मटण घालत होता.

५

क्लॅरी लाकडं फोडायला गेला तशी ऊनाने पुन्हा आरसा घेतला. बरोबर बॅटरी. आपण मूर्ख आहोत हे एकदाचं ठरवून टाकायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

ती आगटीत पाठ टेकून वाकली, बॅटरी वर धरली, आरसा तिरका केला.

त्या वाट्यांसारख्या दोन वस्तू जागच्या जागी होत्या. पण आता त्यांचा खालचा भाग दिसत नव्हता. बुधवारी जे दिसलं होतं ते हनुवट्यांचे तळ होते. हे तिला आता कळलं, कारण आता हनुवट्या दिसत नव्हत्या. आभाळाकडे उघडून ठेवलेली तोंडं वरून काही मिळेना म्हणून खाली वळली होती.

तिने पाहिलं ते एवढंच. दोन काळी भोकं, रुंद, आणि कडेला विटांवर रोवलेली नखं. त्यातलं लहान भोक बॅटरीच्या उजेडाबरोबर सरकलं.

आरसा फुटला तो तिच्याच हातून. बाहेर अंगणात येऊन ती पावसात उभी राहिली. मग घण उचलला, शिडी लावली आणि वर चढली. विचार करायचा नव्हता. फरशी फोडायची, पाऊस आत पडू द्यायचा, बादली ठेवायची. सिस्टरना काय सांगायचं ते नंतर.

पहिला घाव बसला. दुसऱ्याला कोपरा उडाला.

“ऊना.”

क्लॅरी खाली उभा होता. फुटक्या ओठांतून रक्त हनुवटीवर सुकलं होतं.

“खाली उतर.”

“आत कुणीतरी आहे, क्लॅरी. गेज भावंडं होडीतून कुठे गेलीच नाहीत. त्यांना पाणी पाहिजे. टिंकरचं काय झालं ते बघितलंस ना तू?”

“चार महिने माझी पोर परक्या खाटेवर आहे. घर कोरडं झालंय. उद्या ती येणार. खाली उतर.”

“तिला नाही आणायचं ह्या घरात.”

त्याने शिडी चढून तिचा घोटा धरला. ओढला. ती पत्र्यावरून घसरत आली आणि तिचा हात पन्हाळीच्या पत्र्याच्या कडेत अडकला. तिने स्वतःच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज ऐकला. जमिनीवर पडल्यावर क्लॅरीने तिला उठवलं नाही. केसांना धरून तिचं डोकं चिखलात दोनदा दाबलं, घाई न करता, आणि म्हणाला, “तू माझ्या पोरीच्या आड येऊ नकोस.” बावीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्यावर हात उगारला नव्हता. त्याचा तळहात तिच्या मानेवर होता आणि तो इतका कोरडा होता की खरखरत होता.

मग त्याने शिडीची एकेक पायरी घणाने फोडली.

६

शनिवारी त्याने आगटी पेटवली. तीन दिवस खोलीत असलेली लाकडं फटकन पेटली. क्लॅरी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून समोर बसला, मांडीवर पाण्याचं भांडं.

तो आणखी लाकडं आणायला उठला तेवढ्या वेळात ऊनाने चांगल्या हाताने बादली भरून आणली आणि भिंतीवर फेकली. घर ओलं दिसलं की झालं. सिस्टर नाक मुरडून निघून जातील. पाणी भिंतीला लागलं, आणि लागताच नाहीसं झालं, वाळूवर पडल्यासारखं. तिने दुसरी बादली जमिनीवर ओतली. ते पाणी आगटीकडे धावलं. चढ होता तरी धावलं. विस्तव विझला नाही. पाणी त्याच्या मागून विटांत शिरलं, आणि वर एकापाठोपाठ एक घोट गिळल्याचे आवाज आले. तिसरी बादली. चौथी. मोडलेला हात गळ्यात बांधलेला, तो प्रत्येक खेपेला ठणकून उठायचा. पाचव्या बादलीनंतरही जमीन अशी होती की तिच्यावर पाव ठेवून खावा.

बाहेर गाडी थांबली.

ऊना दारात गेली. सिस्टर कथबर्ट छत्री उघडत होत्या. आणि मागच्या सीटवर, काचेला नाक चिकटवून, नोला.

“चकित केलं की नाही?” सिस्टर म्हणाल्या. “ती ऐकेचना. म्हटलं, चल, घर बरं असलं तर तिथेच सोडते तुला. हाताला काय झालं तुमच्या?”

“शिडीवरून पडली काल,” क्लॅरी मागून म्हणाला. “तापही आहे जरा. काहीबाही बोलते.”

धुराड्यात माणसं आहेत, असं बोललं तर काय होईल हे ऊनाला लख्ख दिसलं. सिस्टर तिलाच गाडीत घालून नेतील. आणि पोर इथे राहील, बापापाशी, त्या भिंतीला लागलेल्या खाटेवर.

सिस्टरनी खोलीभर फिरून पाहिलं. भिंतीवर हात फिरवला, खाटेची गादी दाबली.

“कमाल केलीत, मिस्टर पायबस. ह्या पावसात इतकं कोरडं घर मी दरीत पाहिलं नाही.” जिभेने त्यांनी ओठ ओले केले. “पेलाभर पाणी मिळेल का? घसा कसा एकदम...”

“चहाच करतो ना,” क्लॅरी म्हणाला.

“पोरीला घरी सोडायचा कागद गाडीत आहे, त्यावर सही करते आणि तिला आणते.”

पण पोर थांबली नव्हती. गाडीचं दार उघडं होतं आणि नोला चिखलातून धावत येत होती, इस्पितळाचा मोठा कोट सावरत, हात पुढे करून.

“आई, माझे हात बघ किती गार. तुम्ही विस्तव केलाय? मला वास आला.”

७

ऊनाने तिला पायरीवर गाठलं.

पहिली चपराक इतक्या जोरात बसली की पोरीची टोपी उडाली. नोला ओरडली नाही. तिला कळलंच नाही की हे कुणी केलं. ती आईच्या मागे बघायला लागली, आणखी कुणी असेल म्हणून. ऊनाने दुसरी मारली, उलट्या हाताने, आणि अंगठीने ओठ फाटला. मग कोटाची कॉलर धरून तिने पोरीला पायरीवरून खाली ढकललं. चार महिने जिच्या छातीत पाणी भरत होतं ती पोर चिखलात उपडी पडली.

“कोण म्हणालं तुला यायला?” ऊना म्हणाली. आवाज तिचा होता, शब्द शोधून आणलेले. “मी बोलावलं होतं? तू नव्हतीस तेव्हा मी सुखात होते. ऐकलंस का? जा, परत जा.”

“मिसेस पायबस.” सिस्टर मध्ये पडल्या. ऊनाने त्यांनाही चांगल्या हाताने ढकललं आणि पोरीला उठता उठता आणखी एक मारली. लागावी म्हणून मारली. बघणाऱ्याला शंका राहू नये, अशी.

सिस्टरनी नोलाला उचलून छातीशी धरलं. त्यांच्या पांढऱ्या गणवेशावर रक्ताचा पट्टा ओढला गेला. “बाई, तुम्हाला लाज नाही वाटत?” त्या म्हणाल्या. “मी लिहून देणार आहे हे सगळं. ही मुलगी तुम्हाला पुन्हा दिसणार नाही. ह्या घरात तर नाहीच.”

“लिहा,” ऊना म्हणाली. “नक्की लिहा. नीट लिहा.”

क्लॅरी दारात आला होता. “सिस्टर, थांबा, तिला ताप आहे. पोर आत द्या. मी आहे ना, मी बघतो तिला.” तो पायरी उतरला. ऊना वळली आणि तिने स्वतःचा मोडका हात त्याच्या छातीवर आडवा धरला. त्याने तो बाजूला ढकलला. ती पुन्हा आडवी आली, आणि मग तो तिला मारायला लागला. सिस्टरनी तेही पाहिलं, आणि गाडीची दारं आतून लावून घेतली.

गाडी चिखलात घसरली, सावरली, फाटकाबाहेर पडली.

नोला मागच्या काचेतून बघत होती. ती रडत नव्हती. ओठावरचं रक्त तिने पुसलं नव्हतं. अनोळखी घरातल्या अनोळखी बाईकडे बघावं तशी ती आईकडे बघत होती, आणि ऊनाने ते बघणं चुकवलं नाही. गुडघ्यांवर पडलेली, क्लॅरीची मूठ केसांत, ती गाडीकडे बघत राहिली.

मग क्लॅरीने तिला दाराकडे ओढायला सुरुवात केली. ती ओढली गेली. वळणावर गाडीचे लाल दिवे झाडांमागे गेले. पोर चिंब भिजलेली होती, गारठलेली होती, आणि दूर जात होती.